सभेआधीचा कागद, सभेनंतरचा कागद : नगरपालिकेच्या कारभारात नव्याने लक्ष घालणाऱ्यांसाठी

गल्लीतली गटार तुंबली म्हणून पंधरा-वीस माणसे सर्वसाधारण सभेच्या दिवशी नगरपालिकेत जाऊन बसतात. सभा सुरू होते, सतरा-अठरा विषय भराभर वाचले जातात, 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि पाऊण तासात चहा येतो. त्यांच्या गटारीचे नाव कोणी काढत नाही. लोक चिडून घरी जातात आणि 'पालिकेत काही होत नाही' असे ठरवून टाकतात. खरे म्हणजे ही माणसे उशिरा आलेली असतात. ज्या दिवशी अजेंडा छापला गेला त्या दिवशीच त्यांची सभा होऊन गेली होती.

हा लेख उदगीर, अंबाजोगाई, वसमत, गंगाखेड, देगलूर, तुळजापूर अशा नगर परिषदेच्या गावांतल्या रहिवाशांसाठी आहे. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनाही तो चालेल. बऱ्याच गावांत काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे सभा कशी चालते हे पाहिलेली माणसे सभागृहातही थोडीच आहेत.

आधी संस्था ओळखा

मराठवाड्यात महानगरपालिका पाच : छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये झालेली जालना. त्यांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. बाकी शहरांत नगर परिषद किंवा नगर पंचायत, आणि या दोघींचा कायदा एकच : महाराष्ट्र नगर परिषद, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. हा येण्याआधी आपल्याकडे हैदराबाद राज्याचा १९५६ चा नगरपालिका कायदा होता. जुनी माणसे अजून पालिकेला 'बलदिया' म्हणतात, तो शब्द त्याही आधीचा, निजामाच्या राजवटीतला.

लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग. वर्गानुसार नगरसेवकांची संख्या, समित्या आणि अधिकाऱ्यांची पदे बदलतात. तुमचे गाव कोणत्या वर्गात आहे हे विचारायला लाजू नका. पुढे कोणत्या टेबलावर जायचे ते त्यावर ठरते.

माणसे अशी. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो आणि सभेचे अध्यक्षस्थान त्याच्याकडे असते. उपनगराध्यक्षाला नगरसेवक निवडतात. स्वीकृत, म्हणजे थेट निवडणुकीशिवाय घेतलेला, सदस्य चर्चेत बोलू शकतो, पण त्याला मत नसते. तेव्हा एखाद्या विषयावर मते मोजायची वेळ आली तर त्यांना धरू नका. मुख्याधिकारी, म्हणजे गावात ज्यांना 'सीओ साहेब' म्हणतात ते, शासनाचे अधिकारी. पैसे खर्च करणे, निविदा काढणे, ठरावाची अंमलबजावणी करणे हे त्यांचे काम. त्यांच्या खाली कार्यालय अधीक्षक, बांधकाम आणि पाणीपुरवठ्याचे अभियंते, स्वच्छता निरीक्षक, कर निरीक्षक.

या सगळ्यांत नवख्याने सर्वात आधी ओळख करून घ्यावी ती सभा लिपिकाशी. अजेंडा तोच तयार करतो, नोटिसा तोच पाठवतो, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, त्याच्याच कपाटात असते. नगराध्यक्षांच्या घरी दहा चकरा मारण्यापेक्षा या टेबलावर एक चक्कर जास्त कामाची.

पायरी १ : काम नक्की पालिकेचे आहे का

निम्मे अर्ज इथेच वाया जातात. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. त्यावरचा खड्डा पालिका बुजवू शकत नाही, फार तर पत्र देऊ शकते. विजेचा खांब महावितरणचा, खांबावरचा दिवा मात्र पालिकेचा. पाणी योजनेचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे चालू असेल तर पाइप फुटल्यावर पालिका प्राधिकरणाकडे आणि प्राधिकरण ठेकेदाराकडे बोट दाखवते. अशा वेळी दोघांनाही अर्ज द्या आणि एकाच्या अर्जाची प्रत दुसऱ्याला जोडा.

नवीन वसाहतींची वेगळीच गत. मंजूर ले-आऊट असेल, पण विकासकाने रस्ते आणि मोकळी जागा पालिकेकडे रीतसर हस्तांतरित केली नसेल, तर तिथे पालिकेचा निधी टाकायला लेखा विभाग आडकाठी घालतो. गुंठेवारीत प्लॉट असतील तर ते नियमित झालेत का हे पाहावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी बांधकामांना नियमितीकरणाची वाट मिळाली. गल्लीतल्या दहा-पंधरा जणांचे नियमितीकरणाचे कागद एकत्र असले तर 'तुमची वसाहत अनधिकृत आहे' हे उत्तर कोणाला सहज देता येत नाही.

उन्हाळ्याच्या टँकरचे आणखी निराळे. टँकर, बोअरचे अधिग्रहण, विंधन विहिरीची विशेष दुरुस्ती हे टंचाई आराखड्यातून होते. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत बनतो आणि त्याची मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. एप्रिलमध्ये घागरी घेऊन पालिकेवर मोर्चा नेला तर फोटो चांगला येतो. पण तुमच्या वस्तीचे नाव त्या आराखड्यात आधीच नसेल तर टँकर लवकर येत नाही. वस्तीचे नाव डिसेंबरातच पाणीपुरवठा विभागात लेखी नोंदवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. इतक्या टोकाला जाण्याआधीच्या सगळ्या उपाययोजना कागदावर महिनोन्‌महिने आधी लिहाव्या लागतात.

पायरी २ : अर्ज

नागरिकाला थेट अजेंड्यावर विषय ठेवण्याचा अधिकार नाही. विषय दोन वाटांनी जातो. एक, नगरसेवक लेखी प्रस्ताव देतो. दोन, संबंधित विभाग टिपणी, म्हणजे विषयाची माहिती देणारा कार्यालयीन कागद, तयार करतो आणि ती मुख्याधिकाऱ्यांमार्फत अध्यक्षांपुढे जाते. दुसरी वाट लांबची वाटली तरी पक्की. टिपणीत अंदाजे खर्च आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, खर्च करायचा ते लिहिलेले असते. नुसत्या नगरसेवकाच्या प्रस्तावात ते नसते, म्हणून तो ठराव मंजूर होऊनही 'निधी उपलब्ध झाल्यावर' या तीन शब्दांत वर्षभर झोपतो. जमले तर दोन्ही वाटा धरा. नगर परिषदेत साधारणपणे एका प्रभागात दोन नगरसेवक असतात, दोघे वेगळ्या पक्षांचे असले तरी प्रत दोघांनाही द्या. एकालाच दिली तर दुसरा 'मला काही माहीत नव्हते' म्हणून सभेत मोडता घालतो.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. एका अर्जात एकच विषय. गटार, दिवे, कुत्री आणि घंटागाडी एकाच कागदावर घातली की तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. मजकूर असा असावा :

'विषय : प्रभाग क्र. ४ मधील मारुती मंदिर ते जुना नाला या अंदाजे ८५ मीटर लांबीच्या उघड्या गटारीचे पक्के बांधकाम करणेबाबत.
महोदय, वरील गल्लीत ३२ घरे आहेत. सध्याची गटार मातीची असून रुंदी अंदाजे दीड फूट आहे. पाण्याचा उतार मंदिराकडून नाल्याकडे आहे. पावसाळ्यात पाणी सहा घरांत शिरते. सोबत चार छायाचित्रे व हातनकाशा जोडला आहे. स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, ही विनंती.'

लांबी पावलांनी मोजली तरी चालते, पण आकडा लिहा. आकडा असला की अभियंत्याला स्थळपाहणीला यावे लागते. उतार आणि निकास हे दोन शब्द तर सोडूच नका. पालिकेच्या गटारींमध्ये सर्वात जास्त दिसणारी चूक ही की गटार गल्लीच्या टोकापर्यंत बांधली जाते, पुढे नाल्याला जोडायचे पैसे अंदाजपत्रकात नसतात आणि पाणी उलटे गल्लीत येते. आपल्याकडच्या काळ्या मातीत दुसरी एक गोष्ट घडते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरमाचा भराव आणि खडीचा थर न देता थेट काँक्रीट टाकले की दोन उन्हाळ्यांत तळ तडकतो. अंदाजपत्रक तयार झाले की त्यात हे दोन थर आहेत का ते पाहा. बघायला अभियंत्याची पदवी लागत नाही, कोणत्या थराची किती जाडी हे तिथे मराठीत किंवा साध्या इंग्रजीत लिहिलेले असते.

सह्या दहा-बारा पुरे, पण प्रत्येकापुढे घर क्रमांक हवा. दोनशे सह्या आणि एकही पत्ता नसलेला अर्ज निवेदन म्हणून फाइलला लागतो. अर्ज आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेल्या अर्जाला आवक क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसलेला अर्ज पालिकेच्या दृष्टीने आलेलाच नसतो.

पायरी ३ : तारखांचे गणित

नगर परिषदेची सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. मध्ये विशेष सभा बोलावता येते. एकूण नगरसेवकांपैकी किमान एक चतुर्थांश जणांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षांना पंधरा दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते.

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी नगरसेवकांना पोचायला हवी. 'पूर्ण' या शब्दात गोम आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस मोजत नाहीत. सभा २० तारखेला असेल तर १३ ते १९ हे सात दिवस, म्हणजे नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला हातात पडली पाहिजे. विशेष सभा असेल तर १६ ला. नव्या नगरसेवकांनी नोटीस घेताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. शिपाई 'साहेब, मागची तारीख टाका' म्हणाला तर टाकू नये. पुढे सभेच्या वैधतेवर वाद झाला तर तीच सही पुरावा होते.

नागरिकाच्या बाजूने गणित उलटे धरा. अजेंडा १२ ला निघायचा तर त्याआधी टिपणी, त्याआधी अंदाजपत्रक, त्याआधी स्थळपाहणी. तुमचा अर्ज सभेच्या किमान तीन-चार आठवडे आधी आवक झाला पाहिजे. पावसाळ्याआधी गटार हवी असेल तर विषय डिसेंबर-जानेवारीच्या सभेत गेला पाहिजे, कारण मंजुरीनंतर निविदेत दोन-तीन महिने सहज जातात. मध्ये कुठली निवडणूक आली आणि आचारसंहिता लागली तर नवे काम सुरूच होत नाही.

अर्थसंकल्पाची विशेष सभा साधारणपणे फेब्रुवारीत होते. वर्षातली सर्वात महत्त्वाची सभा हीच, आणि बघ्यांची गर्दी सर्वात कमी असते तीही हीच. तुमच्या कामाचे लेखाशीर्ष तिथे शून्य रुपये असेल तर पुढे वर्षभर कितीही ठराव करा. अर्ज डिसेंबरात द्यायचा तो यासाठीही.

पायरी ४ : अजेंडा वाचायला शिका

नोटीस पालिकेच्या सूचना फलकावर लावावी लागते. तिचा मोबाइलवर फोटो काढा, तारखेसह. मग शांतपणे वाचा. अजेंड्याची भाषा ठरीव असते आणि एकदा कळली की प्रत्येक वाक्यामागे काय चालले आहे ते दिसू लागते.

'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा बहुतेक वेळा पहिला विषय. सभागृहात सर्वात कमी लक्ष याच विषयाकडे असते, असायला हवे सर्वात जास्त. कारण पुढे येईल.

'अवलोकनार्थ' म्हणजे फक्त माहितीसाठी ठेवलेले, त्यावर निर्णय नाही. 'विचारविनिमय करून निर्णय घेणे' म्हणजे अजून काही ठरलेले नाही, चर्चेला वाव आहे. तुमचा विषय या शब्दांत आला असेल तर नगरसेवकाला आधीच भेटून नेमका काय ठराव हवा ते लिहूनच द्या.

'कार्योत्तर मंजुरी' दिसली की थांबा. म्हणजे काम होऊन गेले आहे, आता त्यावर शिक्का हवा आहे. पाइप अचानक फुटला, मोटार जळली, अशा कामांना ती रास्त असते. एकाच ठेकेदाराची पाच-सहा कामे दर सभेत कार्योत्तर येत असतील तर त्या फाइली बघायला हव्यात. 'मुदतवाढ देणे' हाही असाच शब्द. घनकचऱ्याचा, पथदिव्यांचा किंवा कंत्राटी सफाई कामगारांचा ठेका संपला, नवी निविदा वेळेत काढली नाही, म्हणून जुन्यालाच आणखी तीन महिने. अशी मुदतवाढ तिसऱ्यांदा आली की निविदा का निघत नाही हा प्रश्न नगरसेवकाच्या हातात लिहून द्या.

'याबाबतचे सर्वाधिकार मा. अध्यक्षांना देणे' हे वाक्य अजेंड्यात कमी, ठरावाच्या शेवटी जास्त सापडते. दर ठरवणे, जागा निश्चित करणे, ठेकेदार निवडणे अशा गोष्टी एका ओळीत सभागृहाच्या हातून जातात.

आणि शेवटी, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. नोटिशीत नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. पण परवानगीने घेता येतो. तातडीच्या कामासाठी ठेवलेली ही फट आहे. तिच्यातून भूखंड भाड्याने देणे, गाळ्यांचे करार वाढवणे, विकास आराखड्यातले जागेचे आरक्षण बदलण्याची शिफारस असलीही कामे जाऊ पाहतात. विरोध करणाऱ्या नगरसेवकाने इथे एकच करावे : 'हा विषय नोटिशीत नाही, तातडी काय ते इतिवृत्तात लिहा' एवढे बोलावे आणि बसावे. आरडाओरडा केला की इतिवृत्तात 'गोंधळात विषय मंजूर' असे येते आणि तातडीचा मुद्दा राहून जातो.

काही विषय 'ब' किंवा 'अ' वर्गाच्या पालिकेत आधी विषय समितीत जातात : बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व आरोग्य, नियोजन व विकास, शिक्षण-क्रीडा, महिला व बालकल्याण. समितीच्या सभापतीला आधी भेटलात तर सभेत वेळ वाचतो.

पायरी ५ : सभेच्या दिवशी

सभा लोकांसाठी खुली असते. एखादी चौकशी किंवा चर्चा खासगीत व्हावी असे पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे सभेच्या अध्यक्षस्थानी असलेल्याला, वाटले तर ते लोकांना बाहेर थांबायला सांगू शकतात. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकारही त्यांना आहे. लहान गावांत प्रेक्षकांसाठी वेगळा सज्जा नसतो, मागच्या भिंतीला लावलेल्या खुर्च्या असतात. आदल्या दिवशी सभा लिपिकाला 'उद्या आम्ही चौघे बसणार' असे सांगून ठेवले तर दारावरची हुज्जत टळते. चित्रीकरण करायचे तर आधी लेखी परवानगी मागा.

बोलायचे नाही. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. तुमचे म्हणणे तुमचा नगरसेवक मांडेल. त्याच्या खिशात अर्धे पान हवे : विषय क्रमांक, हवा असलेला ठराव, एक आकडा आणि आवक क्रमांक. दोन पाने दिली तर तो वाचत नाही.

तुमच्या वहीत पाच रकाने आखा : विषय क्रमांक, काय ठरले, सूचक, अनुमोदक, रक्कम किंवा विरोध. प्रत्येक विषयाला हे भरत जा. भराभर मंजुरी चालली असेल तर निदान क्रमांक, आकडा आणि विरोध एवढे तरी टिपा. घरी आल्यावर लिहू म्हटले की आठवत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही तर काही वेळ वाट पाहून सभा तहकूब होते. नवख्याला वाटते, बरे झाले, विषय टळला. तसे नाही. तहकूब सभेत तेच विषय गणपूर्ती नसतानाही मंजूर करता येतात. काही वेळा नगरसेवक मुद्दाम न येऊन सभा तहकूब पाडतात, पुढच्या खेपेला आठ माणसांत सगळे उरकले जाते. तेव्हा तहकूब सभेची तारीख फलकावर पाहा आणि त्या दिवशी आवर्जून जा.

मतदान क्वचित होते, बहुतेक ठराव 'सर्वानुमते' असतात. विरोध असलेल्या नगरसेवकाने तो तोंडी बोलून सोडू नये. 'माझा विरोध नावासह नोंदवा' असे म्हणावे आणि त्याच दिवशी तीन ओळींचे पत्र मुख्याधिकाऱ्यांना आवक करावे. समसमान मते पडली तर पीठासीन अधिकाऱ्याचे निर्णायक मत चालते.

पायरी ६ : इतिवृत्त

सभागृहात 'मंजूर' म्हटले जाते ते दोन सेकंदांत. ठरावाचा मजकूर लिहिला जातो नंतर, कच्च्या टिपणांवरून, कधी चार दिवसांनी तर कधी तीन आठवड्यांनी. पालिकेच्या कारभारातली नाजूक जागा हीच. सभेत 'प्रभाग ४ मधील गटार' मंजूर झाली आणि प्रोसिडिंगमध्ये 'प्रभाग ४ व ७ मधील गटार' आले तर तेवढ्याच रकमेत तुमची ८५ मीटर गटार ४० मीटरवर येते. सगळेच फेरफार हेतुपुरस्सर नसतात, लिपिकाची घाईही असते. पण खर्च होतो तो कागदावर लिहिलेल्या शब्दांप्रमाणे.

इतिवृत्त पाहण्याचा अधिकार रहिवाशाला आहे. सभेनंतर आठ-दहा दिवसांनी कार्यालयीन वेळेत जाऊन पाहायला मागा आणि तुमच्या वहीतल्या रकान्यांशी ताडून बघा. फरक दिसला तर वाद घालू नका. नगरसेवकाला गाठा, पुढच्या सभेत 'इतिवृत्त कायम करणे' या विषयावर त्याने दुरुस्ती सुचवायची. एकदा कायम झाले की तो मजकूर बदलणे अवघड. झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा तर साध्या बहुमताने भागत नाही, कायद्याने त्यावर जास्तीची अट घातली आहे.

पाहायला दिले नाही तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'सभेची संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहू नका. 'दि. अमुक रोजीच्या सर्वसाधारण सभेतील विषय क्र. ९ ची टिपणी व त्यावरील ठरावाची साक्षांकित प्रत' असे लिहा. प्रत पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तिथे वेळ बराच लागतो, म्हणून पहिल्याच अर्जात शब्द नेमके हवेत.

ठराव झाला, पुढे?

ठरावाला नंबर पडला म्हणजे जेसीबी निघाला असे नाही. अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी लागते, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी देयक. पैसा कुठून येणार त्यावर वेग ठरतो. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेचीच कामे घेता येतात, त्यातून सभागृहाची रंगरंगोटी होत नाही. नगरोत्थान किंवा वस्ती सुधारणेच्या योजनांचा निधी असेल तर प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो आणि तिथे थांबतो. दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न विचारा : 'फाइल आत्ता कोणत्या टेबलावर आहे?' काम कधी होणार, असे विचारले तर उत्तर 'लवकरच' असते.

कार्यारंभ आदेशाची प्रत मिळवून ठेवा. त्यात ठेकेदाराचे नाव, रक्कम, काम पूर्ण करण्याची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या काळात गटार तडकली तर दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते. हे माहीत नसल्याने लोक पुन्हा नवा अर्ज देतात आणि पालिका त्याच गटारीवर दुसऱ्यांदा खर्च करते.

ठराव लोकहिताविरुद्ध किंवा बेकायदा वाटत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली अर्ज करता येतो. त्या कलमाने ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जासोबत नोटिशीचा फोटो, ठरावाची प्रत आणि विरोधाचे पत्र जोडले असेल तर तो वाचला जातो. कार्यारंभ आदेश निघून काम निम्मे झाल्यावर केलेल्या अर्जाला फारसा अर्थ उरत नाही.

आरक्षण बदलाचा विषय असेल तर तो सभेत मंजूर झाला म्हणजे संपला असे नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची जाहीर सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. ही जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरात, आतल्या पानावर येते. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, करआकारणीचेही तसेच : घरपट्टी वाढल्याची नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत आणि सुनावणीला हजेरी. मुदत गेल्यावर नगरसेवकाच्या घरी नेलेल्या नोटिशीचे तो काही करू शकत नाही.

साध्या अडलेल्या अर्जासाठी लोकशाही दिन आहे. तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला सोमवार. आधी तालुका, तिथे उत्तर समाधानकारक नसेल तर जिल्हा. जिल्ह्याचा अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, ऐनवेळी गेलेल्याला परत पाठवतात. न्यायालयात असलेले प्रकरण तिथे घेत नाहीत.

महानगरपालिकेत आणि प्रशासक असताना

महानगरपालिकेत सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा, आणि खर्चाच्या मंजुरीचा खरा ओघ स्थायी समितीकडे. तिथे सोळा सदस्य असतात. त्यामुळे लातूर, परभणी, नांदेड, जालना इथल्या रहिवाशांनी स्थायी समितीचा अजेंडा आधी पाहावा. नगराध्यक्षाच्या जागी महापौर, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त. बाकी आवक क्रमांक, टिपणी, ऐनवेळचे विषय आणि इतिवृत्त यांची कथा तीच.

प्रशासक असतो तेव्हा सभाच होत नाही. सभागृहाचे अधिकार एका माणसाकडे येतात आणि तो प्रशासकीय ठराव लिहितो. नोटीस नाही, चर्चा नाही, विरोध नोंदवायला कोणी नाही. मात्र त्या ठरावांनाही क्रमांक आणि तारीख असते, त्यांचीही नोंदवही असते. तुमच्या गावात असा काळ गेला असेल तर त्या वर्षांची ठराव नोंदवही एकदा मागवून चाळा. आज ज्या ठेक्याला 'मुदतवाढ' मागितली जाते आहे तो मुळात कधी, किती दरात आणि कोणत्या अटींवर दिला होता, ते बहुतेक त्याच वहीत सापडते.